दाढेवरचा थेंब

४ जून
आले बाई एकदाची! नवी नोकरी, नवं घर, आणि चिमीचं पाळणाघर प्रयोगशाळेपासून हाकेच्या अंतरावर. आम्ही मायलेकी दोघीच. माझ्याशिवाय त्या चिमुरडीला आहेच कोण?

काम असं: कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांना प्रथिन चिकटवायचं. प्रथिनाला सडकं मांस भेटलं की नळ्यांचा उजेड वाढतो. तो डोळ्यांना दिसत नाही, आमच्या कॅमेऱ्याला मात्र कातडीखालूनही दिसतो. म्हणजे उद्या पट्टी न सोडता जखम सडतेय का ते कळेल. प्रथिन कशातलं, तर मढ्यावरच्या अळ्यांच्या लाळेतलं! शी! डबा तसाच परत आणला.

७ जून
मला शिकवणारे दादा म्हणजे एक वल्लीच. माल जमलाय का ते बघायला नियमाप्रमाणे नासवलेलं मांस लागतं. बरणी उघडली आणि लगेच झाकण लावलं. दादा म्हणाले, नाक दाबून कशाला मरायचं, आपली किडकी दाढ आहे की! काडीने आमच्या मालाचा काळा थेंब दाढेवर लावला, कॅमेऱ्यापुढे आ केला, पडद्यावर ठिपका चमकला. चूळ भरली की काम फत्ते. इथे सगळे असंच करतात म्हणे. मी ओकारी दाबत हसले.

९ जून
केलं मीही. दाढ माझीही किडकीच आहे, आणि त्या बरणीपेक्षा काहीही परवडलं. चव तुंबलेल्या मोरीची. ठिपका मात्र काय लखलखला! दादांनी शाबासकी दिली.

१५ जून
दाढेभोवतीचं काळं जाता जात नाही. चुळा भरून गाल दुखले. हिरडी ओल्या साबणासारखी लागते. जीभ फिरवली की थोडी जिभेवर येते. शी, लिहितानाही अंगावर काटा येतोय. दादा कामावर नाहीत, दुखणं आलंय म्हणे.

१९ जून
दादांना बघून आले. तोंडावरचा रुमाल काढला त्यांनी. खालचा ओठ — नको, नाही लिहीत. बोबडं बोलत होते. म्हणाले, अळी आधी लाळेने मांस विरघळवते, मग खाते. आपलं प्रथिन नुसती सड शोधत नाही. करतं. थुंकीबरोबर पसरतं.

बाहेर येऊन भडाभडा ओकले.

२० जून
कॅमेऱ्यापुढे आ केला. आता ठिपका नाही. हिरड्या, जीभ, टाळू — सगळं लखलखतंय. चूळ टाकली तर बेसिनमध्ये माझंच — ई!

२१ जून, सकाळ
मेलीला आत्ता सुचलं! चिमीचं दूध कढत आहे का ते रोज मी आधी चाखते. मग त्याच चमच्याने तिला —
माझं उष्टं —

२१ जून, प्रयोगशाळा
चिमीला कॅमेऱ्यापुढे बसवलं. आ करायला सांगितलं. पडदा काळा. जीभ काळी, हिरड्या काळ्या, कुठे उजेडाचा कण नाही. देवा, पावलास रे! मी हसले तर दात हातात आला. येऊ दे. माझं काय व्हायचं ते होवो.

चुळबुळ करतेय. पोटात दुखतंय म्हणतेय. भूक असेल. भूकच असेल —
कॅमेरा खाली वळवते.
फ्रॉकच्या आतून —