ओटाखबरवर मी एकदा मेले, त्यानंतरची व्यवस्था

मी, नवसाबाई दगडू काकड, वय ७४, शिक्षण दुसरी, राहणार मखमलाबाद, नाशिक, राजीखुशीने लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

१. फुलबाजारातला गाळा मी शेवंती विकून घेतलेला आहे. मुलगा खंडेराव तो विकायला टपला आहे. तो मी माझी मुलगी शुभांगी हिची मुलगी साधना हिला देते. १९९९ साली तिने तिथे कॉम्प्युटर मांडून ओटाखबर डॉट कॉम काढली. कार्डावर सीईओ, झाडूही तीच मारायची. आधी फुलांचे भाव टाकले. शेतकरी बाजारात उभे आणि भाव कॉम्प्युटरवर! कुत्रं बघेना. मग निधनवार्ता सुरू केल्या, तर पार दुबईहून लोक वाचायला लागले.

२. गेल्या श्रावणात मी दवाखान्यात होते. खंडेरावाने तिला फोन केला, "साधे, आई गेल्यात जमा आहे. दुसऱ्या कुणी टाकायच्या आधी टाक." सीईओबाईंनी टाकली आणि रडत दवाखान्यात आल्या. मी शिरा खात होते. तेवढ्या वेळात खंडेरावाने गाळ्याला आपलं कुलूप ठोकलं. इगतपुरीचे पाहुणे हार घेऊन आले. ताजा होता, मी ठेवून घेतला.

३. बातमी मी वाचून घेतली. "पश्चात एक मुलगा, सून, दोन नातू."
"साधे, तुझी आई कुठाय यात?"
"मामांनी सांगितलं तसं टाकलं, आजी. घरच्या बातमीत आपलं नाव घुसडायचं नसतं."
"आणि आजी जिवंत आहे का, तेही विचारायचं नसतं का गं, शहाणे?"
दुसऱ्या दिवशी 'आजी जिवंत आहेत, क्षमस्व' टाकलं. तेवढं कुणाचं मरणसुद्धा वाचलं गेलं नव्हतं. अजून बाजारात बाया मला चिमटा काढून बघतात. लई मजा येते.

४. पितळी तराजू सुनेला. तिने मला कधी कमी वाढलं नाही. खंडेरावाला त्याचं कुलूप. किल्ली त्याच्याकडे आहेच.

५. साधनाला अट एकच. खरी वेळ येईल तेव्हा नाकाशी सूत धरून स्वतः बघायचं, मगच टाकायचं. पश्चात आधी मुलगी शुभांगी, मग नात साधना, गाळ्याची मालकीण. मग सून, नातू. जागा उरली तर मुलगा.

सही: नवसाबाई दगडू काकड
साक्षीदार: सुलाबाई पिंगळे (डावा अंगठा), सहादू थेटे (सही)
सही करताना मी जिवंत होते, दोघांनी हात लावून पाहिलं आहे.
नाशिक, १४ ऑक्टोबर २००६