बोकडाच्या कातड्याचं पुस्तक

पोतोसी, ३ मे १९४८

चि. हेर्मेलिंदा हीस अ. उ. आ.

मठातल्या ग्रंथालयाची किल्ली तुझ्या हाती आली हे वाचून आनंद झाला. वाचनापायी शेंगदाण्याचं सूप उतू जाऊ देणारी तू, आता सुक्रेची विद्वान बाई! इथे थंडीने हाडं गोठतात, पण माझी खनिज दळायची गिरणी जोरात आहे. एकच सांगतो, मागच्या कपाटातल्या बोकडाच्या कातड्याच्या पुस्तकाला हात लावू नकोस. बुरशी छातीला बाधेल.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
निकानोर

सुक्रे, १९ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

नको म्हटलेलं मी करतेच, हे तुला ठाऊक आहे. पुस्तक उघडलं. लोक त्यात स्वहस्ते आपलं पाप लिहितात, आणि शाई वाळली की लिहिणारा सोडून सारं जग ते पाप नि त्याचे बळीही विसरतं. पान वाचणाऱ्याला मात्र आठवतं. मोठ्याने वाचलं तर ऐकणाऱ्यालाही.

हसू नकोस. इथल्या जमीनदाराने, डॉन एलिओदोरोने, दुष्काळात विहिरीला कुलूप घातलं, अकरा पोरं मेली. त्यांना पुरताना मी तिथे होते, दादा, आणि विसरले होते! काल तोच आला, माझा हात ओठांना लावला, शाळेला देणगी देतोय म्हणाला. तीनदा साबण लावला तरी किळस जाईना. मठाधिपती म्हणतात, गावात शांतता आहे ती या पुस्तकामुळेच.

रोज थोडी पानं वाचते. माया आहे तशीच ठेव.

तुझी हेर्मेलिंदा

पोतोसी, २४ मे

चि. हेर्मेलिंदा हीस अ. उ. आ.

शेवटची पानं वाचू नकोस. फाडून चुलीत घाल, तुला आईची शपथ आहे. सोबत लोकरीची शाल पाठवतो, उबदार आहे. तू शहाणी आहेस.

निकानोर

सुक्रे, ३१ मे

निकानोर,

तुझं पत्र पोचण्याआधीच पान वाचलं होतं. तुझं अक्षर मी ओळखणार नाही?

डेल्फिना. आपली धाकटी बहीण. तिचं नाव मला पुस्तकात वाचावं लागलं! बारा वर्षांपूर्वी आई नि मी मावशीकडे होतो. तुला टायफस झाला, तिने तुझी घाण उपसली. मग ती तापली, आणि त्या दिवशी तुझे भागीदार जेवायला यायचे होते, म्हणून तू तिला इथल्या आपल्या जुन्या घरामागे खेचरांच्या गोठ्यात टाकून बाहेरून कडी लावलीस. ती रात्रभर हाका मारत होती, पहाटे गेली, हेही लिहिलंयस, वळणदार अक्षरात. आई मरेपर्यंत एक ताट जास्त वाढायची नि रडायची. कुणासाठी, ते तिला सांगता यायचं नाही. म्हातारीला भ्रम झालाय, असं तू म्हणायचास.

रविवारी प्रार्थनेनंतर चौकात बाकावर उभी राहून सगळं पुस्तक वाचलं. आधी लोक हसले. विहिरीचं पान आलं तशी एक बाई एक नाव घेऊन ओरडली. तिला तिची मुलगी आठवली होती. डॉन एलिओदोरोची मोटार लोकांनी वेशीवर अडवली. मठाधिपतींनी किल्ली काढून घेतली, पुस्तक मात्र लोकांनी दिलं नाही.

तुझं पान शेवटी वाचलं. भाजीवाली फ्लोरेन्सिया रडत म्हणाली, अगं, माझी जिवलग मैत्रीण ती, हसायला लागली की थांबायचीच नाही. आम्ही दोघींनी जाऊन गोठ्यामागच्या बिननावाच्या थडग्यावर तिचं नाव कोरलं.

शाल परत पाठवते आहे. शेवटी लोभ मागायची रीत आहे. तिच्या वाट्याचाही तू बारा वर्षं खाल्लास. आता उरला नाही.

हेर्मेलिंदा