पाण्याचा रेणू वाकडाच हवा म्हणे

तीर्थरूप ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

भावोजींचा गुडघा आता कसा आहे? तुझी सर्दी गेली असावी. माझी तब्येत उत्तम, डोकं सोडून. ते परवापासून तापलंय. दोन गल्ल्यांवर राहून पत्र लिहितोय, कारण फोनवर मला ओरडल्याशिवाय बोलता येत नाही आणि तू लगेच फोन ठेवतेस.

विषय तुझ्या लेकीचा. (तिने घरी काही सांगितलं नसणार. पोटात ठेवण्यात ती तुझ्यावर गेली आहे.) शाळेच्या तपासणीसाठी तिला रेणूंचे लाकडी नमुने हवे होते. तपासणी नीट झाली तर नोकरी कायम, नाहीतर घरी, हे तुला ठाऊकच आहे. भाचीचं काम म्हणून मी सागाचे गोळे कातले, घासले, रंगवले. तिने दिलेल्या कागदावर पाण्याचा रेणू होता: मध्ये ऑक्सिजनचा तांबडा गोळा, त्याला हायड्रोजनचे दोन पांढरे, आणि सगळं मोडक्या बिजागरीसारखं वाकडं. तीस वर्षांत माझ्या हातून वाकडं काम बाहेर गेलेलं नाही. मी भोकं समोरासमोर पाडली. पट्टी लावून बघावी इतकी सरळ! तपासणीच्या सकाळी नमुने फडक्यात गुंडाळून शाळेत पोचवले, आणि हिने ते थेट तपासनीस बाईंसमोर उघडले. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. नोकरी लटकली.

संध्याकाळी आली माझ्या सुतारखान्यात तणतणत. "मामा, पाणी सरळ नसतं रे!" म्हणे ऑक्सिजनभोवती इलेक्ट्रॉनच्या चार जोड्या असतात. सगळ्यांवर ऋण भार, म्हणून एकीला दुसरी डोळ्यासमोर नको. चौघी एकमेकींपासून जमेल तितक्या लांब जातात. दोघींनी एकेक हायड्रोजन धरलेला. उरलेल्या दोघी मोकळ्या, म्हणून जास्त ऐसपैस पसरतात. (आपल्या बिनलग्नाच्या काकांनी अख्खा सोफा अडवायचा आणि संसारवाल्यांनी कोपऱ्यात दाटीवाटीने बसायचं, तोच न्याय.) त्यांच्या रेट्याने दोन्ही हायड्रोजन एकमेकांकडे ढकलले जातात आणि कोन होतो एकशे साडेचार अंशांचा.

मी म्हटलं, कुठे आहेत त्या मोकळ्या जोड्या, दाखव. तर म्हणे दिसत नाहीत. ताई, जे दिसत नाही त्याच्यासाठी मी जागा सोडायची? उद्या म्हणेल, या खुर्चीवर कोणीतरी बसलंय, तू उभा राहा! मिथेनचंही तेच. त्याच्या चारही जोड्यांनी हायड्रोजन धरलेले. मी गुण्या लावून, काटकोनात, अधिकच्या चिन्हासारखा सपाट केला होता. तर म्हणे सपाटीवर नव्वद अंशच मिळतात; वर-खाली जायची मोकळीक असेल तर एकशे साडेनऊ मिळतात, मग त्या नव्वदात कशाला कोंबून घेतील? रेणूंना शिस्त नाही हा माझा दोष का, असं मी विचारलं. ती पिशवी उचलून निघून गेली. मोठ्यांशी वागायची ही रीत झाली?

तुझा,
धाकटा

ता.क. मिथेन तिच्या मापाने पुन्हा केला, केवळ तिला खोटं पाडायला. तीन पाय खाली, एक वर. टेबलावर ठेवला तर जराही डुगडुगला नाही. कसाही उलटवा, बसतो तो बसतोच. मेल्याचं काम चोख आहे.

आणखी एक ता.क. कागदावर कोनांचे आकडे ठळक लिहिले होते. खाली "मामा, वाकडंच हवं" असंही होतं. मी वाचलं होतं. म्हटलं, पोरीला काय कळतंय.

शेवटचा ता.क. शाळेच्या शिपायाकडून आज कळलं. तपासनीस बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मापं मीच चुकीची दिली." माझं नाव घेतलं नाही. तेव्हापासून मला स्वतःचा इतका राग येतोय की पटाशी हातात धरवत नाही. तो कागद सोबत जोडलाय. उद्या शाळा भरायच्या आत तो आणि हे पत्र मुख्याध्यापकांना दे. (मी गेलो तर त्यांच्याशीच भांडेन.) तिने विचारलं तर सांग, मामा अजून रागावलेला आहे.