गिटारीची खोली आणि घरातला कूलर

जुळे सोलापूर,
मे महिना (कितवी तारीख ते उन्हानं सुचत नाही)

आदरणीय रामहरी दाजी यांस,

श्रीमंतचा शिरसाष्टांग नमस्कार. ताईचे गुडघे, तुमची केळी आणि उजनीचं पाणी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. आम्ही इकडे वाळतोय.

"सृष्टीची गिटार झाली का?" असं तुम्ही सारखं विचारता, म्हणून सविस्तर लिहितो (फोनवर सांगितलं असतं, पण फोनशेजारी आई असते). तुमच्या लेकीनं कॉलेजात सांगून ठेवलंय, जूनच्या कार्यक्रमात मामानं केलेली गिटार वाजवणार म्हणून. पोरीचं हसं होऊ नये, एवढ्यासाठी माझा हा सगळा आटापिटा चाललाय.

गिटारीच्या कडा वाकवून झाल्या, पाठ चिकटवली. सरस वाळेपर्यंत रिकामं बसण्यापेक्षा मागची कामाची खोली जरा सुधारावी, असं मनात आलं आणि साडेसाती लागली. वाकून वाकून कंबर गेली होती, म्हणून टेबल उंच केलं. दुसऱ्या दिवशी रुपाली त्यावर भाकरी थापत होती (तिच्या मते लग्न झाल्यापासून इतका सोयीच्या उंचीचा ओटा तिला मिळाला नव्हता). हत्यारांसाठी फळ्या ठोकल्या, त्यावर लोणच्याच्या बरण्या आल्या. चिकटवलेलं लाकूड दाबून धरायला क्लॅम्प आणले, ते दोरीवरचं धुणं धरून बसलेत.

इथवर मी सोसलं. पण या उन्हात गिटारीच्या तोंडाची पातळ फळी तडकायला लागली. लाकडाला हवेत थोडी ओल लागते, आणि सोलापुरात मे महिन्यात ओल फक्त माझ्या बनियनला असते. म्हणून घरातला एकुलता एक कूलर मी त्या खोलीत नेला. फळी वाचली, मी मेलो. कारण आधी आई वळकटी घेऊन आली, "हितं लई गार हाय की रं," म्हणाली आणि आडवी झाली. मग रुपाली आली, पोरं आली, शेजारच्या राजनंदिनी वहिनी शेंगा फोडायला आल्या. आता टरफलं कुठली आणि भुसा कुठला, कळत नाही. मी कानस चालवली की आई डोळे न उघडता म्हणते, "तू तिकडं हॉलमदी घास की, झोपमोड हुतीय." हॉलमध्ये नेली तर फळी तडकणार. दमलोय, दाजी. खोली इतकी सुधारली की तिथं गिटार सोडून सगळं होतं.

ताईला नमस्कार. सृष्टीला यातलं काही सांगू नका.

तुमचा मेव्हणा,
श्रीमंत

ता. क. उन्हाळ्यात लेकीकडे जाऊन राहायची आपल्यात रीत आहे. आईला ताईची फार आठवण येते (हे तिला अजून माहीत नाही). तुम्ही आपणहून फोन करून सगळ्यांना दोन आठवडे बोलावून घ्या. मला रजा नाही म्हणा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आत रुपालीनं पत्र वाचलं. सगळे आनंदानं निघालेत, हे पत्रही त्यांच्याच हाती देतोय. फक्त तुमच्याकडे कूलर नाही हे आईला आठवलं, म्हणून टेम्पोत तो सगळ्यात आधी चढवलाय. खोली आता पूर्ण रिकामी आहे आणि तव्यासारखी तापलीय. तेव्हा कूलरच्या मागोमाग गिटार काखेत धरून मीही येतोय. गोठ्यात बसून पुरी करीन. फक्त तिथं मी काही सुधारायला लागलो, तर हात धरून अडवा.