गुआगुआ आली

बोईसर,
ता. ७ नोव्हेंबर १९६७

प्रिय मंजुळा,

कमलाकांतचं तिसरं कार्ड काल मिळालं. मुलगी एकवीस दिवसांची झाली, बारसं अडलंय, जावयांचा पत्ता नाही. खाली आईंनी सांगून लिहवलेलं, "पोरगी झाली म्हनून येत नाय काय?" त्यांना सांग, मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्यांतला मी नाही. पण न येण्याचं कारण मुलगीच आहे, आणि ते तुला सांगितल्याशिवाय तुझ्या माहेरी, माहीमला येणाऱ्या एस.टी.त पाय टाकवत नाही. गेल्या रविवारी पालघरपर्यंत आलो होतो. गाडी समोर उभी होती, कंडक्टर ओरडत होता, आणि मी दोन तास बाकावर बसून परत बोईसरला आलो. हे पत्र एकटीनेच वाच. सातवी शिकलेली बायको केल्याचा उपयोग आता होतोय. कमलाकांतने विचारलं तर खुशाल सांग, तुमच्या मेहुण्याला ताप आलाय.

मी बोटीवर असताना स्पॅनिश शिकलो, हे तुला ठाऊक आहे. लग्नात तुझ्या मावशीसमोर चार वाक्यं बोलूनही दाखवली होती, किती मिजास! ती शिकलो लास पाल्मासला, आफ्रिकेजवळच्या स्पेनच्या बेटावर. आमच्या बोटीचं इंजिन बिघडलं आणि चार महिने तिथल्या धक्क्यावर पडून होतो. मला वाटलं, भाषा आली म्हणजे आली. आपल्याकडेच बघ, तुम्ही किनाऱ्यावरचे "हाय-नाय" करता, माझ्या खोलीतला रामकिसन परभणीकडचा, तो पोराला लेकरू म्हणतो, बटाट्याला आलू. पण मराठीत असं चालतं आणि स्पॅनिशमध्येही चालत असेल, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. शिकलेली भाषा माणूस पाठ केलेल्या पाढ्यासारखी धरून ठेवतो.

मग अठ्ठावन्न साली चिली देशातल्या वालपाराइसो बंदरात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि बोट मला तिथेच सोडून गेली. दुसरी बोट मिळेपर्यंत पाच आठवडे राहिलो. धक्क्यावर एक बाई मासे तळून विकायची. तिच्या पातेल्यात कणसं उकडत होती. मी लास पाल्मासचा शब्द वापरून मका मागितला, ती नुसती बघत राहिली. शेवटी बोट दाखवलं. ती हसली आणि कणीस हातात देऊन तिच्याकडचा शब्द शिकवला, चोक्लो. तिचं नाव एल्विरा. मंजुळा, आडपडदा ठेवत नाही. ती मला आवडली, मी तिच्याच घरी राहिलो, आणि परत येईन असं सांगून निघालो. तेव्हा तू दहा-अकरा वर्षांची असशील आणि मला ठाऊकही नव्हतीस. तरी राग येईल, तो यायलाच हवा.

तिचं घर टेकडीच्या माथ्यावर होतं. डोक्यावर पाटी घेऊन ती पायऱ्या चढायची, बस वर येत नसे. लास पाल्मासला बसला गुआगुआ म्हणतात. निघायच्या दिवशी मी मोठ्या प्रेमाने तिला म्हटलं, गुआगुआ आली की मला कळव. म्हणजे, बस सुरू झाली की लिही, तुझी पायपीट सुटली हे कळून बरं वाटेल. ती लाजली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, नक्की लिहीन. बससाठी कुणी एवढं लाजतं का? पण तेव्हा ती काय बोलते याकडे माझं लक्षच नसायचं, मी तिच्याकडे बघत बसायचो.

पुढच्या वर्षी कंपनीच्या मुंबईच्या पत्त्यावर तिचं पत्र आलं. मला पाठ आहे. 'गुआगुआ नऊ मार्चला आली. लहान आहे, पण आवाज फार करते, रात्री झोपू देत नाही. टेकडीवरचे सगळे तिच्यावर खूश आहेत. रंग तुझा घेतलाय. नाव मारिना.' मी ते पत्र बोटीवरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, कॉफीच्या रंगाची बस आहे! नावाचंही नवल वाटलं नाही. आपण होडीला नाव देतो, तसं त्यांनी बसला दिलं असेल. मी उत्तर धाडलं, त्यानंतर तिचं अक्षर दिसलं नाही. मी समजलो, दुसरा कुणी भेटला असेल. त्रेसष्टला डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो, समुद्र सुटला, इथे तारापूरच्या कामावर लागलो, तू घरात आलीस. संपलं, असं मी समजत होतो.

इथे कॉलनीच्या बसच्या वेळा लिहायचं माझं काम तुला माहीत आहे. परदेशी इंजिनियरांपैकी एकाची बायको पेरूची आहे. फळ नव्हे, देश. कुठलीही भाषा दिसली की मला खाज सुटते. गेल्या महिन्यात बस वाटेत बंद पडली, बाई थांब्यावर खोळंबल्या होत्या. मी ऐटीत स्पॅनिशमध्ये म्हटलं, बाई, गुआगुआ उमरोळीजवळ मेली, दुसरी आणतो. त्या पांढऱ्याफटक पडल्या. विचारलं, कुणाची? मी म्हटलं, कंपनीची. माझी ऐट बघून आजूबाजूचे लोक हसले, ते कशाला हे त्यांना कळेना, आणि त्या कशाला घाबरल्या हे मला. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या डोंगराकडच्या भागात आणि सगळ्या चिलीत गुआगुआ म्हणजे बस नाही. गुआगुआ म्हणजे तान्हं बाळ.

त्या दिवशीच्या वेळा चुकीच्या लिहिल्या म्हणून साहेबाची बोलणीही खाल्ली. चौथ्या दिवशी कमलाकांतचं पहिलं कार्ड आलं, तुला मुलगी झाली. तेव्हापासून मी या खोलीत आणि कामाच्या फाटकात अडकलोय. तिकडे जायचं तर बोट नाही, डोळे नाहीत, आणि नऊ वर्षांनी कुठल्या तोंडाने जाऊ? माहीमला यायचं तर तुझ्यासमोर काय बोलू? गप्प राहून बारसं उरकावं असंही मनात आलं. पण मग जन्मभर तुझ्या मांडीवरच्या पोरीकडे बघताना दुसरी दिसत राहील आणि तुला कळणार नाही मी कुणाकडे बघतोय. रामकिसन म्हणतो, "लेकरू बघून या ना हो, काय झालंय तुम्हाला?" त्याला काय सांगू? कुणालाच सांगता येत नाही. रोज कामावर जातो, जेवतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो.

एक गोष्ट अजून लिहिली नाही. एल्विराच्या पत्राला मी काय उत्तर दिलं होतं, ते. लिहिलं होतं, 'चांगलं झालं. पण एवढं कौतुक कशाला? असल्या आमच्या मुंबईत ढिगाने आहेत. दोन वर्षांत मोडेल, मग तुझी तू चालत जाशील. मी तिच्यासाठी येणार नाही, तुझ्यासाठी येईन.' गमतीने लिहिलं होतं ग, देवाशपथ. एका आईने मुलगी झाल्याची बातमी कळवली आणि हे माझं उत्तर तिच्या हातात पडलं. म्हणूनच कमलाकांतच्या एकाही कार्डाला मला उत्तर लिहवेना. लेखणी हातात घेतली की हेच आठवायचं. पेरूच्या बाई माझ्या वतीने एल्विराला पत्र लिहून द्यायला तयार आहेत. सोमवारी मी ते टाकणार आहे, तू नको म्हणालीस तरी. मात्र तुझ्यापासून लपवून टाकणार नाही, म्हणून हे आधी तुला. रविवारी पहिल्या गाडीने येतो. दारात उभं केलंस तर उभा राहीन, पण परत जाणार नाही. कमलाकांतच्या पहिल्या कार्डाचं उत्तर मात्र आजच घे. मंजुळा, आपल्याला मुलगी झाली, मला फार आनंद झाला.

तुझाच,
पुंडलिक