नर्सबाईची तक्रार मागे घे

चिरंजीव धाकट्यास आईचा आशीर्वाद. रागातला आहे, पण आहे.

मी ठणठणीत आहे. नातीचा खोकला गेला का?

तुझ्या वडिलांनी नर्सबाईला सरळच विचारलं, "मी आता घरी जात नाही ना?" आपण सगळे "बरे व्हाल" म्हणून तोंड फिरवत होतो. ती खाटेवर टेकली, हात धरून म्हणाली, "नाही आजोबा. पण दुखू देणार नाही." तेव्हापासून ते शांत झोपायला लागले.

आणि तू तिकडून फोनवर तक्रार केलीस, बापाचा धीर खचवला म्हणून! तिला दुसऱ्या वॉर्डात धाडलं. झोपेत असले तरी "आजोबा, कूस बदलते हां" असं सांगूनच ती हात लावायची. आताची बाई पोतं उलटवावं तसं उलटवते.

धीर त्यांचा नाही, तुझा खचलाय. म्हणून तर इकडे फिरकत नाहीस.

तक्रार मागे घे आणि ये. ते रोज विचारतात, "ती पोर कुठे गेली?" लेकानेच घालवली, हे कुठल्या तोंडाने सांगू? सुट्टीवर आहे म्हणते. मरणाऱ्या माणसाशी तू मला पुन्हा खोटं बोलायला लावलंस, आणि त्यांना ते कळतंय.

वाट बघणारी,
तुझी आई