पक्ष्यांच्या धड्याचं पुढचं पान

आई, आज संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो. तुझी सून कामावरून यायची होती आणि तुझी नात आतल्या खोलीत दार लावून अभ्यासाला बसली होती. तिचं बारावीचं वर्ष आहे. भिंतीवर तिने रंगीत पेनांनी वेळापत्रक काढून लावलंय. ते इतकं देखणं झालंय, की ते काढण्यातच पोरीचा आठवडा गेला असणार. रोज ते उद्यापासून सुरू होतं. चाचणी असली की सकाळचा चहा तसाच टाकून निघते. तिची आई बोलते तिला. मी बोलायला तोंड उघडतो आणि पुन्हा मिटतो. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, मी फार समजूतदार बाप आहे. खरं कारण तुला ठाऊक आहे.

येडगावच्या घरात दिवेलागणीला तू भाकरी थापायला बसायचीस, आणि मी तुझ्यामागे भिंतीला टेकून पुस्तक घेऊन बसायचं. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून तू एकच नेम घालून दिला होतास. मोठ्यानं वाचायचं. आवाज बंद झाला की तू मान वळवून बघायचीस. दहावीच्या वर्षी सुरुवातीचे दिवस मी नीट वाचलं, मग बाकी सगळे विषय साठत गेले आणि मला पान उलटायची भीती बसली. उलटलं की अजून किती राहिलंय ते दिसायचं. म्हणून मी शास्त्राचं पुस्तक उघडायचो आणि पक्ष्यांच्या धड्याचं तेच एक पान वाचायचो. थंडीत आपल्या धरणाच्या पाण्यावर उतरतात तसल्याच लांबून येणाऱ्या पक्ष्यांचा धडा होता तो. पान संपलं की पुन्हा वरून सुरुवात. आवाज खणखणीत. तुला काय कळतंय, असं मला वाटायचं. हे लिहितानाही लाज वाटते, पण वाटायचं हे खरं आहे.

एक दिवस चुलीतला धूर माझ्या घशात गेला आणि मी खोकत थांबलो. तू पाठमोरीच होतीस. हातातली भाकरी तव्यावर टाकलीस आणि माझं राहिलेलं वाक्य तूच पुढं म्हणालीस, पुस्तकातल्या भाषेत, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. "एवढ्या लांबचा मार्ग त्यांना कसा सापडतो, याबाबत शास्त्रज्ञांचे असे म्हणणे आहे की..." पान तिथंच संपत होतं. मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तू भाकरीला पाणी लावलंस आणि विचारलंस, "आन पुढं? कसा सापडतो?"

नुसतं पान उलटायचं होतं. मी उलटलं नाही. पुस्तकात बघितल्यासारखं करून म्हणालो, "सगळ्यात म्हातारा पक्षी पुढं असतो. त्याला वाट पाठ असते." तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "मला वाटलंच व्हतं." केवढी खूश झाली होतीस. दुसऱ्या दिवशी धरणावर धुणं धुताना तू बायांना ते सांगत होतीस, आमच्या पोराच्या पुस्तकात लिवलंय म्हणून. मी म्हशीला पाणी पाजायला आलो होतो, तसाच मागे फिरलो.

मी नापास झालो. तात्यांनी दप्तर माळ्यावर टाकलं आणि उद्यापासून टोमॅटोच्या वावरात चल म्हणाले, ह्यानं वर्षभर पुस्तक उघडलंच नसणार. तेव्हा तू मध्ये उभी राहिलीस. "रोज वाचत व्हता. मी ह्या कानांनी ऐकलंय." तात्यांना म्हणालीस, आणि माझ्याकडे बघितलंही नाहीस. तुला सगळं माहीत होतं, आई. तरी एकच पान ऐकल्याचं तू तात्यांपासून लपवलंस, आणि ऑक्टोबरला मला पुन्हा बसवलंस. ते महिने मी खरोखर अभ्यास केला. रोज थोडं, ठरलेल्या वेळी, अवघड वाटेल ते आधी. पण मनातल्या मनात केला. तसं वाचलं की डोक्यात राहतं, असं तुला सांगितलं, आणि तू बरं म्हणालीस. मी पास झालो, पुढे नोकरीला लागलो. चुलीपाशी मात्र त्यानंतर कुणी वाचलं नाही. तू माझ्यावर पहारा ठेवत होतीस असं मी समजत होतो. तू स्वतःसाठी ऐकत होतीस, हे मला फार उशिरा कळलं. तुझी सगळी शाळा माझ्या तोंडून व्हायची होती आणि मी तुला वर्षभर एकच पान दिलं.

तुझ्या शेवटच्या थंडीत तू मंचरला आमच्याकडे होतीस. चौथीतली नात मांडीवर, आणि तू तिला म्हाताऱ्या पक्ष्याचं सांगत होतीस. ती हसली. असं नसतं आजी, त्यांना सूर्यावरून, ताऱ्यांवरून कळतं, आमच्या बाईंनी सांगितलं. तू म्हणालीस, "तुझ्या बापाच्या पुस्तकात व्हतं की," आणि माझ्याकडे बघितलंस. मी मोबाइलमध्ये मान घातली आणि म्हणालो, आताची पुस्तकं वेगळी असतात. तू पोरीच्या केसांवरून हात फिरवलास. बदललं असंल, म्हणालीस.

आज मेथी निवडता निवडता मी आतल्या दाराकडे बघून हाक मारली. म्हटलं, इथं येऊन बस आणि मोठ्यानं वाच, मला ऐकायचंय. ती कुरकुरत आली. वाचू लागली. मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं. बऱ्याच वेळानं ती थांबली, पुस्तकावर हात ठेवला आणि रडायलाच लागली. "पप्पा, मी चार दिवस हेच पान वाचतेय. पुढं बघायची भीती वाटते." मला जे कधी जमलं नाही ते ती एका दमात बोलून मोकळी झाली. मी म्हणालो, उलट पान, अर्धंच वाच, मी आहे इथं. तिने डोळे पुसले, पान उलटलं आणि वाचलं. अर्धं म्हणता म्हणता पूर्ण वाचलं. पण माझ्या पानाचं मी तिला सांगितलं नाही. उद्या सांगेन, असं मनात म्हणालो, आणि माझंही सगळं उद्यापासूनच सुरू होतं, हे माझं मलाच कळलं.

हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. पोचलं असतं तरी कुणीतरी तुला मोठ्यानं वाचून दाखवायला हवं होतं, आणि ते काम माझंच होतं. म्हणून घरातले निजल्यावर स्वयंपाकघरात बसून हेच पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. तुझ्या "आन पुढं?"पर्यंत आलो, कागदाच्या तळाशी. पान तिथंच संपत होतं. मी उलटलं नाही, आई. पुन्हा वरून सुरुवात केली.